चिलापीची निदान रेषा

चिलापी हा मासा काळुराम केणे यांच्या घरात आजवर आला नव्हता. जिताडा यायचा, निवट्या यायच्या, गावाकडून कुणी खाडीतले बोईट धाडले तर तेही यायचे. पण चिलापीला मंजुळाबाईंनी कधी उंबरठा ओलांडू दिला नव्हता. तिला चिखलाचा वास येतो आणि मग तो खाणाऱ्यालाही येतो, असं त्यांचं ठाम मत होतं. तीच चिलापी एप्रिलमधल्या एका सकाळी बारा नगांनी, जिवंत, निळ्या पिंपात बसून, टेम्पोने डोंबिवली पूर्वेच्या आमोद सोसायटीत आली आणि दुसऱ्या मजल्यावर चढली. तिच्यासाठी हॉलमधला सोफा गॅलरीत गेला, टीव्ही बेडरूममध्ये गेला, आणि देव्हारा सोडून घरातलं बाकी सगळं जागचं हललं.

हा उद्योग ऋतिकाचा. ऋतिका ही केण्यांची एकुलती एक मुलगी, ठाण्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होती आणि शेवटच्या वर्षाचा प्रबंध तिला मे महिन्याच्या अखेरीस द्यायचा होता. दिला तर गोव्याच्या एका संशोधन संस्थेत जुलैपासून तिची जागा पक्की होती. नाही दिला तर जागा दुसऱ्याला आणि वर्ष पाण्यात. विषय असा, की चिलापीचा नर वाळूत खड्डा खणतो, तेवढी जागा आपली समजतो आणि दुसरा नर तिथे आला की त्याच्यावर धावून जातो. किती वेळा धावला, किती वेळा चावला, किती वेळ नुसते पंख फुलवून उभा राहिला, हे दहा-दहा मिनिटं मोजायचं. कॉलेजच्या प्रयोगशाळेचं छत, वरची पाण्याची टाकी फुटून, नेमकं मार्चमध्ये गळायला लागलं आणि खोलीला कुलूप लागलं, म्हणून तिच्या मार्गदर्शक प्रीती मॅडमनी टाक्या घरी लावायची मुभा दिली होती.

मंजुळाबाईंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “अगो बाय, खावाचं सोरून त्याना बघत कनाला बसाचं?”

काळुरामांची अडचण वेगळी होती. मुलगी माशांवर संशोधन करते हे सांगताना त्यांची छाती फुगायची, पण चिलापी म्हटलं की ऐकणाऱ्याचा चेहरा पडायचा. गावच्या एका साखरपुड्यात त्यांनी बेधडक “जिताड्यावर करते” असं सांगून टाकलं, आणि मग जेवणं होईपर्यंत तीन जणांनी त्यांना संशोधन संपल्यावर जिताड्याचं काय करणार, असं बाजूला घेऊन विचारलं.

काळुराम तसे वागळे इस्टेटमधल्या एका रंगाच्या कारखान्यातून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झालेले. पण ती झाली पोटाची नोकरी. खरं पद म्हणजे कबड्डीचे पंच. बाळकुमपासून शहाडपर्यंत असं एक मैदान नव्हतं जिथे केणे पंचांची शिट्टी वाजली नव्हती, आणि तीस वर्षांत एकदा वाजलेली शिट्टी त्यांनी कधी परत घेतली नव्हती. एका गावात हरलेल्या संघाच्या पाठीराख्यांनी त्यांची स्कूटर अडवून धरली, तेव्हा ते स्कूटरवरच बसून दोन तास शेंगदाणे खात राहिले. शेवटी गावकरी कंटाळून जेवायला गेले. निर्णय जिथल्या तिथे राहिला.

टाक्या घरी लावायच्या तर परवानगी हवी. माशांना विनाकारण त्रास होऊ नये हे पाहायला कॉलेजात एक नीतिमत्ता समिती असते. तिने सांगितलं, आधी सोसायटीचं ना-हरकत पत्र आणा. सोसायटीचे सेक्रेटरी चिरागभाई तळमजल्यावर राहतात. त्यांनी सांगितलं, आधी कॉलेजच्या समितीची मंजुरी आणा. चिरागभाई मनाने सज्जन, पण सेक्रेटरी झाल्यापासून त्यांना प्रत्येक गोष्टीत पुढचं दिसायचं.

“काका, माझं स्वतःचं काय नाय,” ते म्हणाले. “पण आज तुम्हाला मासे दिले, उद्या बी-विंगवाला बोलेल मला मगर पाळायचीय. मी कुठल्या तोंडाने नाय बोलू?”

मग स्लॅबला किती वजन पेलेल, वास आला तर कुणाची जबाबदारी, टाकीत डास झाले तर डासांची मालकी कुणाची, असे प्रश्न निघाले. काळुराम तीनदा ठाण्याला गेले आणि पाचदा तळमजल्यावर उतरले. पाचव्या खेपेला त्यांना आठवलं, की दोन्ही कर्णधार नाणेफेकीला आधी यायला तयार नसले की आपण काय करतो. त्यांनी दोन्हीकडून “दुसऱ्या पक्षाची मंजुरी गृहीत धरून” असं लिहून घेतलं, एकाच तारखेचं, सकाळी डोंबिवलीत आणि दुपारी ठाण्यात. दोन्ही कागद समोरासमोर ठेवून टाचणी मारली. कुणीच आधी होय म्हटलं नाही आणि तरीही होय झालं. या कामगिरीवर ते आठवडाभर खूश होते, आणि त्यांच्या मते संशोधनातला अवघड भाग इथे संपला होता.

मासे शहाडच्या रामाने दिले. रामा उल्हास नदीत जाळं टाकतो. तो एकेक चिलापी उलटी करून पोटाखाली एक नजर टाकायचा आणि नर असेल तर पिंपात, नाहीतर टोपलीत. पुन्हा बघणं नाही. काळुरामांना हा माणूस फार आवडला. निघताना रामाने ऋतिकाला सांगितलं, की एका जागेवरचे दोन नेऊ नका, त्यांचं कोण मोठा ते आधीच ठरलेलं असतं, ते नीट भांडणार नाहीत. मग त्याने उन्हात अर्धा दिवस होडी फिरवून बारा मासे बारा ठिकाणचे धरून दिले. प्रीती मॅडम हे ऐकून म्हणाल्या, की हे त्यांना पुस्तकात शोधायला तास लागला असता. ऋतिकाने रामाचं नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

घरी आल्यावर बाराही जणांनी आपापले गुण दाखवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी त्यांनी सगळी वाळू उपसून काचेला लावली. दुसऱ्या दिवशी पाच नंबरने टाकीबाहेर उडी मारली आणि तो काळुरामांच्या बुटात सापडला, तोही काळुराम बूट घालताना. मग टाक्यांवर झाकणं आली: दोन ताटं, एक पोळपाट आणि कॅरमचा बोर्ड. कॅरमचा बोर्ड चौकोनी, टाकी लांबट, म्हणून उरलेल्या फटीवर मंजुळाबाईंनी कुरकुरत का होईना, पण पापडाची चाळणी ठेवली.

शेजाऱ्यांनी सल्ल्यांत कुठे कसर ठेवली नाही. टाकी ईशान्येला हवी, असं एकाने सांगितलं. चारही टाक्या ईशान्येला कशा लावायच्या, हे त्याने सांगितलं नाही. खालच्या मजल्यावरच्या हेमालीबेनना भांडणाचा प्रयोग ही कल्पनाच सोसवत नव्हती. भांडतात हे माहीत आहे तर त्यांना एकत्र सोडताच कशाला, असा त्यांचा सरळ सवाल होता, आणि त्याला ऋतिकाने दिलेलं वीस मिनिटांचं उत्तर ऐकूनही तो सवाल तसाच उभा राहिला. कुठलाही मासा जखमी होण्याआधी मध्ये काच घालतो, असं सांगितल्यावर त्या जरा निवळल्या. तरी ज्या दिवशी चाचणी असे त्या दिवशी हरलेल्या माशासाठी म्हणून त्या कणकेच्या गोळ्या पाठवायच्या. माशांचं खाणं मोजून मापून असल्याने त्या द्यायच्या नव्हत्या, आणि हेमालीबेनना तसं सांगायचा धीर कुणाला नव्हता, म्हणून केण्यांचा फ्रीज कणकेच्या गोळ्यांनी भरत गेला.

आणि तरी, या माणसांचं ऋण काळुराम अजून मानतात ते मे महिन्यातल्या एका दुपारमुळे. कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर उडाला, लाइट गेली आणि टाक्यांत हवा सोडणारे चारही पंप बंद पडले. ऋतिका कॉलेजात होती. पाऊण तासात मासे वर येऊन तोंडांची उघडझाप करू लागले. फोनवर ऋतिकाचा आवाज रडवेला झाला होता. तिने सांगितलं, पाणी मगाने उचलून उंचावरून टाकीत सोडत राहा, थांबू नका. मंजुळाबाईंनी तांब्या घेतला. दहा मिनिटांत त्यांचे हात भरून आले. दार उघडंच होतं. हेमालीबेन स्वतःचा मग घेऊन वर आल्या, त्यांच्या मागून चिरागभाई आले, त्यांच्या मागून बी-विंगमधले आठ-दहा जण. एकेका टाकीवर दोघं दोघं, पाणी उचलायचं आणि सोडायचं. काळुराम मध्ये उभे राहून दर दहा मिनिटांनी शिट्टी वाजवून माणसं बदलत होते. स्लॅबच्या वजनाची काळजी करणारे चिरागभाई घामाने निथळत दोन तास एकाच टाकीशी उभे राहिले आणि बदलीची शिट्टी झाली तरी हटले नाहीत. अडीच तासांनी लाइट आली. बारापैकी एकही मासा गेला नव्हता.

हेमालीबेननी मंजुळाबाईंचे सुजलेले दंड पाहून विचारलं, की तुम्हाला तर हा मासा आवडत नाही ना. मंजुळाबाई म्हणाल्या, “खावाच्या नसल्या तरी आपल्या दारान आल्यान ना.”

ऋतिकाच्या चाळीस चाचण्या झाल्या. प्रत्येकीचं दहा मिनिटांचं चित्रण मोबाइलवर तयार होतं. आता मोजणी उरली, आणि तिचा नियम असा, की तेच चित्रण दोन जणांनी वेगवेगळं बसून मोजायचं. दुसऱ्या माणसाला कुठला मासा घरचा आणि कुठला पाहुणा हे ठाऊक असता कामा नये. दोघांचे आकडे शंभरातून निदान ऐंशी वेळा जुळले तर मोजणी खरी. हे काम ऋतिकाची मैत्रीण श्रिया करणार होती, पण तिला अचानक पुण्यात नोकरी लागली. तेव्हा ऋतिका सहज म्हणून गेली, “पप्पा, तुम्हीच बसा ना. तीस वर्षं हेच तर केलंय तुम्ही.”

हे वाक्य ती पुढे बरेच दिवस आठवत राहिली.

मोजणीच्या पहिल्या दिवशी काळुराम आंघोळ करून पांढरी पँट, पांढरा शर्ट आणि पांढरे बूट घालून बेडरूममध्ये टीव्हीसमोर बसले. गळ्यात शिट्टी होती. नियमांचा इंग्रजी कागद ऋतिकाने त्यांच्या हातात दिला होता. त्यांनी पहिली ओळ वाचली, मान डोलावली आणि कागद पाण्याच्या ग्लासाखाली ठेवला. आपली जागा, समोरच्याची जागा, एकाने दुसऱ्यावर चाल करून जायचं. यात त्यांना नवीन काही दिसलं नाही.

टाकीच्या मधोमध जिथे काच असायची तिथे वाळूत एक रेघ उमटलेली होती. ती त्यांनी अर्थातच मध्यरेषा धरली. मग मंजुळाबाईंच्या डब्यातला काळा दोरा घेऊन टीव्हीवर मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना थोड्या अंतरावर एकेक तुकडा चिकटवला. या निदान रेषा. कबड्डी न पाहिलेल्यांसाठी सांगायचं तर, चढाई करणाऱ्याने समोरच्या अंगणात शिरून ही रेषा ओलांडावी लागते. नाही ओलांडली तर ती चढाई नव्हे, नुसतं फिरून येणं. असं फिरून येणाऱ्यांना काळुरामांनी आयुष्यात कधी गुण दिला नव्हता आणि मासा आहे म्हणून आता देणार नव्हते. चढाई करताना “कबड्डी, कबड्डी” असं एका दमात म्हणत राहावं लागतं. ते माशाला जमणार नाही, एवढी एक सवलत त्यांनी मोठ्या मनाने दिली.

पाच दिवसांत चाळीस तक्ते भरले. खाडाखोड एकही नाही. ऋतिकाने संध्याकाळी दोघांचे आकडे लॅपटॉपवर टाकले आणि मग पुन्हा एकदा पहिल्यापासून टाकून पाहिले. आकडे शंभरातून त्रेचाळीस वेळा जुळत होते. प्रबंध द्यायला नऊ दिवस उरले होते.

काळुरामांना वाटलं, पोरीची मोजणी चुकली. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि सुरुवातीला होतं असं, नजर बसायला वेळ लागतो, असं समजुतीने सांगितलं. तेवढ्यात प्रीती मॅडमचा फोन आला. फोन स्पीकरवर होता. मॅडमना बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं की खोलीत आणखी कुणी आहे. त्या म्हणाल्या, तुझे आकडे मी तपासलेत, ते बरोबर आहेत; दुसरी व्यक्ती भरवशाची नाही, बदलून टाक.

काळुरामांना मैदानावर लोकांनी काय काय म्हटलं होतं. आंधळा म्हटलं होतं, विकला गेलेला म्हटलं होतं, एकदा अंगावर चप्पल आली होती. पण ते म्हणणारे हरलेले लोक होते. भरवशाची नाही, हे शांत आवाजात, हिशेब करून, आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी चहा घेतला नाही. मंजुळाबाईंनी दुसऱ्यांदा गरम केला तोही तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऋतिकाला टीव्हीसमोर बसवलं आणि सातवं चित्रण लावायला सांगितलं. ऋतिकाने बोट दाखवलं. “हा बघा, इथे धावला.”

“मग? ओलांडली कुठे?”

“काय ओलांडली कुठे?”

“निदान रेषा.”

ऋतिका उठून टीव्हीजवळ गेली. काळ्या दोऱ्याचे दोन तुकडे तिला तेव्हा पहिल्यांदा दिसले. तिने ग्लासाखालचा कागद पाहिला. ग्लासाच्या गोल डागाखाली तो जसाच्या तसा घडीत होता. तिला हसू यायला हवं होतं. पण नऊ दिवसांतला एक दिवस गेला होता आणि रडण्याखेरीज तिला काही जमलं नाही.

“पप्पा,” ती म्हणाली, “मासे कबड्डी खेळत नाहीत.”

काळुराम गॅलरीत जाऊन सोफ्यावर बसले. खाली बी-विंगवाले गाडी काढत होते. आपण चुकलो असं त्यांना वाटत नव्हतं. चढाई म्हणजे चढाई. आणि आपल्यामुळे पोरीची जागा जाईल, हेही त्यांना दिसत होतं. या दोन गोष्टी एकाच वेळी डोक्यात घेऊन बसायची त्यांना सवय नव्हती, कारण मैदानावर पंचाला कुणाचं नुकसान होतंय हे बघायचं नसतं. असे ते अंधारून येईपर्यंत बसले. मग मंजुळाबाई येऊन शेजारी टेकल्या. त्या तशा फार बोलणाऱ्या नव्हत्या.

“तीस वरसा तुमी पोरांना सांगतलाव, मैदानावर नियम पंचाचा,” त्या म्हणाल्या. “आता मैदान तिचा हाय. तुमी खेलारी.”

काळुराम उठले. त्यांनी टीव्हीवरचे दोरे सोडवले, गळ्यातली शिट्टी खुंटीला लावली आणि ऋतिकाच्या टेबलापाशी खुर्ची ओढून घेतली. ग्लासाखालचा कागद तिच्यापुढे ठेवून म्हणाले, हे मला एकेक ओळ मराठीत सांग, मी विचारीन तिथे थांब. दोन तास ते विचारत राहिले. अर्ध्यातून फिरला तर? धरायचा नाही, दुसऱ्यापासून एका माशाच्या लांबीइतक्या अंतरावर आला तरच धरायचा. शेपटी मारली तर? वेगळा रकाना. ऋतिकाच्या लक्षात आलं, की दोन ठिकाणी नियम तिचा तिलाच नीट सांगता येत नव्हता. पप्पांनी विचारल्यामुळे तो नीट झाला.

तिने चित्रणांचा क्रम बदलला, नवे नंबर दिले आणि काळुराम पुन्हा पहिल्यापासून बसले. चार दिवसांत चाळीस. या वेळी बनियन आणि लुंगीवर. रेषेच्या अलीकडून माघारी फिरणाऱ्या भित्र्या माशाला प्रत्येक वेळी गुण देताना त्यांचा हात जड व्हायचा. डोळ्यांतून पाणी यायचं, मंजुळाबाई थेंब घालायच्या, पाच मिनिटं डोळे मिटून ते परत बसायचे. आकडे जुळले ते शंभरातून एक्क्याण्णव वेळा. ऋतिकाने लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला, आणि ते आकड्याकडे बघत म्हणाले, नऊ कुठे गेले?

जुने तक्ते रद्दीत जाणार होते. प्रीती मॅडमनी ते एकदा चाळले आणि थांबवले. घरचा मासा पाहुण्यावर सतत धावतो, पण त्याच्या हद्दीत खोलवर जवळजवळ कधी शिरत नाही. हे ऋतिकाच्या आकड्यांत कुठेच दिसत नव्हतं आणि काळुरामांच्या पहिल्या तक्त्यांत स्वच्छ दिसत होतं. त्यातून प्रबंधात दोन पानं वाढली. मॅडमनी फोन करून काळुरामांची माफीही मागितली. ते म्हणाले, माफी कसली, तुम्ही बरोबरच बोललात. प्रबंध वेळेत गेला, मासे पिंपात बसून शहाडला रामाकडे परतले आणि सोफा आत आला.

तोंडी परीक्षा जूनमध्ये, ठाण्याला. कॉलेजबाहेरचे एक परीक्षक आले होते, पिकल्या केसांचे, कमी बोलणारे. काळुराम बाहेर व्हरांड्यात बाकावर बसले होते. अर्ध्या तासाने दार उघडून प्रीती मॅडमनी त्यांना आत बोलावलं.

परीक्षकांना त्या दोन पानांवरून प्रश्न पडला होता, की हे मोजणारं कोण. वडील, असं कळल्यावर त्यांची लेखणी थांबली होती. वडील मुलीच्या आकड्याला आकडा जुळवणारच, असं ते उघड बोलले नाहीत, पण ऋतिकाचा चेहरा बघून काळुरामांना ते कळलं. परीक्षकांनी तेविसावं चित्रण लावलं आणि मोजता का, म्हणून विचारलं.

“कुठल्या नियमाने मोजू?” काळुराम म्हणाले.

परीक्षकांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. म्हणाले, तुमच्या मुलीच्या.

चित्रण सुरू झालं. टेबलावर परीक्षकांसमोर ऋतिकाचा तक्ता होता. गुणलेखकाच्या टेबलासमोर उभं राहून काळुरामांना उलटे आकडे वाचायची सवय लागलेली, आणि नको असताना त्यांना तो दिसला: तेवीस नंबर, चढाया अठरा. आपण स्वतः महिन्यापूर्वी किती लिहिले होते ते त्यांना अजिबात आठवत नव्हतं. दहा मिनिटं ते डोळा न हलवता बघत राहिले. चित्रण संपलं तेव्हा त्यांच्या मोजणीत सतरा होते.

त्यांनी मनात पुन्हा मोजलं. सतराच. समोर अठरा, पलीकडे मुलगी, तिच्या पलीकडे गोवा. एक आकडा इकडचा तिकडे, कुणाला कळणार होतं. पोरीसाठी खोटं बोलायला आपण तयार आहोत हे त्यांना त्या क्षणी कळलं आणि त्याची त्यांना लाजही वाटली नाही. तोंड उघडलं तेव्हा मात्र ते म्हणाले, “सतरा.”

ऋतिकाने मान खाली घातली. परीक्षकांनी पान उलटलं आणि मागचा, काळुरामांच्या हातचा दुसऱ्या मोजणीतला तक्ता काढला. त्यावर सतरा होते. मग त्यांनी चित्रण मागे नेऊन हळू लावलं. सहाव्या मिनिटाला मासा निघाला आणि अर्ध्यातून फिरला. ऋतिका पुढे झुकून बघत होती.

“सर, हा मी धरायला नको होता,” ती म्हणाली. “पप्पांचं बरोबर आहे. माझा एक जास्त झालाय.”

परीक्षक म्हणाले, की एक इकडे-तिकडे होणारच, दोन माणसं आहेत. अठरा ऐकू आले असते तर मात्र मला सगळेच कागद बाजूला ठेवावे लागले असते. मग त्यांनी सही केली, आणि काळुरामांना चहा घेणार का म्हणून विचारलं.

बाहेर फाटकापाशी आल्यावर ऋतिका म्हणाली, “मला वाटलं तुम्ही अठरा बोलणार. समोर दिसत होतं तुम्हाला, मी बघितलं.”

“बोलणार होतो,” काळुराम म्हणाले.

ती हसली आणि तिचे डोळे भरून आले. तिने त्यांचा हात धरला आणि म्हणाली, “थँक यू, पप्पा.”

काळुराम गडबडले. तीस वर्षांत हरलेल्यांनी त्यांना पुष्कळ काही ऐकवलं होतं, आणि जिंकलेले ढाल घेऊन नाचत निघून गेले होते. पंचाचे आभार मानायला मैदान ओलांडून कुणी आलं नव्हतं, आणि यायचं असतं असं त्यांनाही कधी वाटलं नव्हतं. रस्त्यावर रिक्षावाले स्टेशन, स्टेशन म्हणून ओरडत होते. त्यांनी मुलीचा हात सोडला नाही आणि जे खरं होतं तेच सांगितलं.

“मला परत मोजायला बसवलंस,” ते म्हणाले, “ते लय बरं केलंस.”